पाणीपट्टी सगळ्यांना सारखी, पाणी मात्र नाही : बादली, मोबाइल आणि आमचं गाव

येरळाकाठ
६ एप्रिल, रात्री ९:४०

मंडळी, बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो. गाव खटाव तालुक्याच्या पूर्व अंगाला, नाव मुद्दाम लिहीत नाही कारण इथं गावातले दोघंतिघं तरी वाचत असणार. मी कॉलेजला अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो, गावातच राहतो.

झालं असं की २६ जानेवारीच्या ग्रामसभेत नेहमीसारखी गरमागरमी झाली, पाणी पुरत नाही, योजना जुनी झाली, नवीन योजना मंजूर करून आणा, विहीर अजून एक पाडा वगैरे. सगळ्यांनी हात वर केले, मी पण केला. घरी येताना डोक्यात आलं की पुरत नाही म्हणजे नक्की किती पुरत नाही हे कुणी मोजलंय का? विहिरीतून किती लिटर येतं, टाकीत किती चढतं, नळाला किती उतरतं, कुणालाच माहीत नाही. पाणी सोडणारा आमचा शिपाई सोडला तर, आणि त्याला कोण विचारतंय.

गावची लोकसंख्या साधारण १८००, घरं ३६० च्या आसपास. उंच टाकी एक लाख लिटरची, रोज एकदा भरते आणि पाऊण तासात रिकामी होते. जल जीवन मिशनचा निकष माणशी रोज ५५ लिटरचा. १८०० गुणिले ५५ करून बघा, ९९ हजार येतंय. म्हणजे कागदावर पाणी चोख पुरतंय! मग बोंब कशाची?

बारावीची परीक्षा संपलेली आठ पोरंपोरी बरोबर घेतली. साहित्य काय तर १५ लिटरची बादली आणि मोबाइलवरचं स्टॉपवॉच. तीन आठवडे सकाळी सव्वासहाला पाणी सुटलं की ठरलेल्या ४२ नळांवर जाऊन बादली भरायला किती वेळ लागतो ते लिहायचं. आकडे बघून मी स्वतःच गार पडलो.

टाकीखालच्या आळीत, म्हणजे वरच्या आळीत, बादली ४० सेकंदात भरते. मिनिटाला साडेबावीस लिटर, पाऊण तासात एका घराला हजार लिटर. घरात पाच माणसं धरा, माणशी दोनशे लिटर. पुण्यातल्या सोसायटीला लाजवेल असं. ओढ्यापलीकडच्या वस्तीत शेवटच्या नळाला तीच बादली भरायला सहा मिनिटं लागतात, आणि त्याच्याआधी दहा-बारा मिनिटं नुसता वारा येतोय, नळ सूं सूं करत बसतो. म्हणजे पाणी खरं मिळतं ३३ मिनिटं. हिशोब ८२ लिटर घराला, माणशी सोळा.

आता पुढचं. पाणीपट्टी वर्षाला १२०० रुपये, सगळ्यांना सारखी. वरच्या आळीला हजार लिटर पडतात सव्वातीन रुपयांना. वस्तीला तेच हजार लिटर पडतात चाळीस रुपयांना. बारापट! आणि वस्तीवरचे लोक कमी पडतं म्हणून पाच रुपयांना २० लिटरचा जार आणतात ते वेगळंच, तो तर हजार लिटरला अडीचशे झाला. गावात सगळ्यात महाग पाणी सगळ्यात गरीब माणूस पितोय आणि वसुलीच्या यादीत थकबाकीदार म्हणून नावं पण त्याचीच.

मला हे ग्रामसभेत मांडायचंय. पण त्याआधी इथं टाकतोय, कुठं चुकतंय ते सांगा. पाण्यातली जाणकार मंडळी इथं बरीच आहेत.

सज्जनगडकर
६ एप्रिल, रात्री १०:०५

भारी काम केलंय सर. वाचतोय.

माणदेशी_गडी
६ एप्रिल, रात्री १०:३१

सर मोजमाप झकास, पर टिल्लू मोटरचं काय? वरच्या आळीत घरटी मोटर हाय आसं समजा. डायरेक नळालाच जोडत्यात, पाणी सुटलं की लाइनीतनं वढून घेत्यात. तुमी बादली लावली तवा मोटरी चालू हुत्या का बंद? आमच्याकडं पंचायतीनं दोनदा मोटरी जप्त केल्या, तिसऱ्यांदा जप्त करायला गेले तर पहिली मोटर मेंबरच्याच घरात घावली. तितनं पुढं कोण गेलंच न्हाई.

येरळाकाठ
६ एप्रिल, रात्री १०:४४

@माणदेशी_गडी हा हा. बरोबर पकडलंत. आम्ही मोटर बंद करायला लावून मोजलं, नाहीतर बादली भरलेली कळलीच नसती. म्हणजे खरा फरक मी लिहिला त्याच्यापेक्षा जास्तच असणार.

निवृत्त_शाखाअभियंता
७ एप्रिल, सकाळी ७:१२

सर, ३१ वर्षं पाणीपुरवठ्यात काढली, त्यातली निम्मी सातारा-सांगलीत. तुमचे आकडे वाचून अजिबात आश्चर्य वाटलं नाही, वाईट मात्र वाटलं, कारण हे आम्ही लोकांनीच करून ठेवलंय.

काही प्रश्न. वस्तीकडे जाणारा पाइप किती व्यासाचा आहे आणि किती लांब? टाकीपेक्षा वस्ती किती खाली? टाकीच्या आउटलेटनंतर किती व्हॉल्व्ह आहेत आणि त्यातले किती फिरतात? हसू नका, फिरतात का हाच प्रश्न असतो. चेंबरमध्ये माती भरलेली असते, स्पिंडल गंजून बसलेला असतो, आणि कागदावर मात्र चार झोन असतात.

बहुतेक असं झालं असणार की मूळ डिझाइनमध्ये वस्ती नव्हतीच. नंतर कुणीतरी सदस्यानं पाइप टाकून दिला, निधी कमी म्हणून बारीक पाइप टाकला. पाइप बारीक झाला की थोडं पाणी कमी येणार असं लोकांना वाटतं. तसं नसतं. तेवढंच पाणी ११० एमएमच्या ऐवजी ६३ एमएममधून न्यायचं म्हटलं तर घर्षण दुप्पट होत नाही, साधारण पंधरापट होतं. टाकीची सगळी उंची त्या घर्षणात खर्ची पडते, नळाला काय उरणार?

दुसरं, विजेचं बिल बघितलं का? सगळे पाण्याचं बोलतात पण योजना मरते ती बिलानं. हिशोब सोपा आहे. एक हजार लिटर पाणी एक मीटर चढवायला एक युनिटचा ३६७ वा हिस्सा लागतो, आणि त्याला पंपाच्या कार्यक्षमतेनं भागायचं. एवढं करून बिलातल्या युनिटशी ताडून बघा आणि मग मला सांगा.

येरळाकाठ
७ एप्रिल, रात्री ८:५०

साहेब, तुमच्या प्रश्नांची उत्तरं. वस्तीचा पाइप ६३ एमएम, ओढ्यापासून साधारण ७०० मीटर, वस्तीत २२ कनेक्शन. तुम्ही म्हणालात तसंच, वस्तीची लाइन नंतर टाकलेली आहे. वस्ती टाकीच्या बुडापेक्षाही खाली आहे, म्हणजे उताराला पाणी पोचायला काहीच हरकत नाही. व्हॉल्व्ह पाच, फिरणारे दोन.

बिल ग्रामसेवकांनी दाखवलं, चांगला माणूस आहे. महिन्याला सरासरी १९०० युनिट. चढण सगळी मिळून ६० मीटर. तुमच्या सूत्रानं रोज एक लाख लिटरला, कार्यक्षमता ४५ टक्के धरली तरी ३६ युनिट लागायला हवीत, इथं रोजची ६३ जातायत. उलटं काढलं तर २६ टक्के कार्यक्षमता. म्हणजे शंभर रुपयांच्या विजेतले चौऱ्याहत्तर कुठं मुरतात?

निवृत्त_शाखाअभियंता
७ एप्रिल, रात्री ९:२०

मुरत नाहीत, गरम होतात! पंपाचा इंपेलर (आतला फिरता पंखा) झिजलाय, फूट व्हॉल्व्ह (पाइपाच्या तळाची झडप) गळतोय, किंवा पंप घेतानाच दुकानदारानं सांगितलं म्हणून साडेबारा एचपी घेतला जिथं साडेसात चालला असता. आमच्या काळात तर सर्रास, पाणी कमी आलं की पंप मोठा करायचा. विहिरीवर एकदा प्रेशर गेज लावून बघा, गेज काही फार महाग नसतो.

आणि लोकांना एक सांगा, टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांच्या वीजबिलात ८१ टक्के सरकार आणि १९ टक्के शेतकरी असा वाटा ठरलाय. पिण्याच्या पाण्याच्या पंपाचं बिल मात्र गावानं स्वतःच्या गल्ल्यातून भरायचं. वित्त आयोगाच्या निधीतून भरतात काही ठिकाणी, पण मग त्या निधीतून जे पाइप बदलायचे ते राहतात.

जतपूर्व
७ एप्रिल, रात्री ११:०२

सांगली जिल्ह्यातून. जत तालुक्याच्या पूर्व टोकाला आहे मी, जिथली गावं आम्ही कर्नाटकात जातो म्हणाली की टीव्हीवाले येतात आणि एरवी कुणी येत नाही.

सर तुमचा एक आकडा वाचून हसावं का रडावं कळेना. टंचाईत टँकर लावतात तेव्हा माणशी २० लिटरचा हिशोब धरतात. तुमच्या वस्तीला नळ असून १६. म्हणजे नळ काढून टँकर लावा म्हणायची वेळ आली की! आणि कागदावर त्या घरांना नळ आहे म्हणून टँकरच्या यादीत नाव येणार नाही. आमच्याकडं निदान टंचाई आहे हे तरी कबूल करतात.

दुसरं पाण्याच्या गुणवत्तेचं. तुम्ही जार म्हणालात ना पाच रुपयांचा. आमच्याकडं बोअरचं पाणी इतकं खारं की साबणाला फेस येत नाही, पातेल्याला पांढरा थर बसतो. तिथं आरओ समजू शकतो. पण तुमच्या विहिरीच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, लिटरला किती मिलिग्रॅम? भारतीय मानकाप्रमाणे ५०० पर्यंत उत्तम, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालतं. ५०० च्या खाली असेल तर लोक फुकट आरओचे पैसे देतायत आणि आरओ जेवढं पाणी देतो तेवढंच किंवा जास्त गटारात सोडतो. नायट्रेट मात्र बघाच. लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर नको. ऊस, कांदा, बटाटा, युरिया जास्त पडतो अशा शेताशेजारच्या विहिरीत सापडतं, आणि उकळून जात नाही, उलट पाणी आटलं की वाढतं. लहान बाळांना सगळ्यात वाईट.

माणदेशी_गडी
७ एप्रिल, रात्री ११:२०

उकळून वाढतंय व्हय! आमची आई तर पावन्याला बी उकळून देती.

जतपूर्व
७ एप्रिल, रात्री ११:२६

आईला म्हणावं उकळणं सोडू नका, जंतू मरतात त्यानं. फक्त नायट्रेटला त्याचा उपयोग नाही एवढंच. गावात पाच बायकांना तपासणी किट वापरायचं ट्रेनिंग द्यायचं असतं जल जीवनमध्ये. किट आलंय का बघा पंचायतीत, बहुतेक कपाटात पॅक असेल.

कोयनाकाठ
८ एप्रिल, दुपारी १:१५

मी कराडजवळ मलकापूरला राहतो. आमच्याकडं चोवीस तास पाणी आहे, मीटरनं, आता चौदा-पंधरा वर्षं होऊन गेली असतील. सुरुवातीला आमच्या घरात पण भांडणं, मीटर म्हणजे लूट, आता पाणी पण मोजून प्यायचं का वगैरे. आज कुणी मीटर काढतो म्हटलं तर लोक मारतील.

एक गंमत सांगतो. चोवीस तास पाणी म्हटलं की सगळ्यांना वाटतं पाणी जास्त लागेल. उलट झालं. आधी पाणी सुटलं की आई कालचं सगळं पाणी शिळं म्हणून मोरीत ओतायची आणि परत पिंप, घागर, कळशी, बादल्या, रिकामा डबा दिसेल ते भरायची. नळाला तोटी नसायचीच, कारण बंद करायचीच नव्हती. आता कधी पण येतंय म्हटल्यावर साठवणार कोण? दर टप्प्याटप्प्यानं वाढतो, थोडं वापरलं तर स्वस्त, जास्त वापरलं तर पुढच्या लिटरला महाग. गाडी धुणाऱ्याला कळतं बरोबर.

सर तुमच्या गावाला पण मीटर हाच उपाय आहे. वरची आळी हजार लिटरचं बिल भरेल का बघा.

माणदेशी_गडी
८ एप्रिल, दुपारी २:०२

दादा तुमचं शहर. आमच्यात मीटर म्हणलं की पहिला आडवा वस्तीवरचाच माणूस पडतोय, कारण त्येला म्हाईत हाय की मीटर आला की नोटीस त्येलाच येणार. आणि पाण्याआधी वारा येतोय म्हणलं ना सरांनी, वाऱ्यानं बी मीटर फिरतंय बरं का. म्हंजे वारा पिऊन बिल भरायचं.

निवृत्त_शाखाअभियंता
८ एप्रिल, दुपारी ४:४०

गडी, हसता हसता मुद्द्याचं बोललात. खंडित पुरवठ्यात हवेनं मीटर फिरतो हे खरं आहे. मलकापूरला जमलं कारण तिथं पाइप कायम भरलेला असतो, आणि नळयोजना आखताना पाइपाचं जाळं संगणकावर मांडून कुठं किती दाब राहील हे आधी बघितलं होतं. मीटर हा शेवट आहे, सुरुवात नव्हे.

टप्प्याच्या दरातही मेख आहे. पाच माणसांचं घर, माणशी ५५ लिटर, महिन्याला ८२५० लिटर. एवढं स्वस्तात द्या आणि पुढं दर वाढवा, दिसायला न्याय्य. पण एका नळावर बारा माणसांचं एकत्र कुटुंब असेल किंवा तीन घरं मिळून एक नळ असेल तर ती सरळ महागाच्या टप्प्यात जातात. मोठा बंगला आणि दोन म्हातारी माणसं मात्र स्वस्तात. दर ठरवणारे नळ मोजतात, माणसं मोजत नाहीत.

हंडाकळशी
८ एप्रिल, रात्री १०:५५

मी सहसा लिहीत नाही इथं, वाचते फक्त. सर तुम्ही कोण ते मला कळलंय, मी त्याच वस्तीवरची आहे, सून आहे म्हणून तुम्ही ओळखणार नाही. माझ्या नळावर पण तुमची पोरं बादली लावून गेली. दोन मुली आणि एक मुलगा, चांगली होती, चहा पण घेतला नाही.

मोजलं ते बरोबर आहे पण तीन गोष्टी राहिल्या. एक, वस्तीत कनेक्शन २२ पण घरं ३१ आहेत. नऊ घरं नमुना ८ ला, म्हणजे पंचायतीच्या घरांच्या नोंदवहीला, लागलेली नाहीत, जागा गायरानाची म्हणतात, म्हणून कनेक्शन मिळत नाही. ती घरं आमच्या नळावर येतात, नाही म्हणता येत नाही, चुलत सासूचंच घर आहे त्यात. तुम्ही माणशी सोळा म्हणता ते ह्या नऊ घरांना धरून नाही.

दोन, तुम्ही बादली मोजली, माणूस मोजलं नाही. सव्वासहाला पाणी सुटतं पण आम्ही पावणेसहापासून रांगेत असतो कारण वारा कधी संपेल सांगता येत नाही. सात वाजता रोजगाराला जायची जीप येते, कांदा काढायला. पाणी राहिलं तर जीप जाते, जीप गेली तर रोज बुडतो. मग थोरली मुलगी थांबते आणि तिची शाळेची पहिली घंटा जाते. ह्याचे रुपये काढा की सर तुमच्या त्या हजार लिटरमध्ये.

तीन, ह्याआधी पण एकदा कुणी कॉलेजची मुलं आली होती सर्व्हे करायला, फॉर्म भरून नेले, किती हंडे, किती चकरा, संडास आहे का. त्याचं काय झालं आम्हाला कुणी सांगितलं नाही. तुम्ही पण इथं लिहिलंत, आम्हाला सांगितलं नाही. मला हे माझ्या भावानं लिंक पाठवली म्हणून कळलं की आमचं पाणी बारापट महाग आहे. राग नाही, फक्त सांगितलं.

येरळाकाठ
८ एप्रिल, रात्री ११:४०

ताई, काय बोलू. तीनही गोष्टी खऱ्या आहेत आणि तिसरी जास्त लागली. आधी वस्तीवर यायला पाहिजे होतं, इथं नंतर. परवा संध्याकाळी येतो, पोरांनाही घेऊन येतो.

आकडा सुधारतो. २२ नळांचं मिळून १८०० लिटर, ३१ घरं म्हणजे १५५ माणसं. माणशी १२ लिटर सुद्धा नाही.

सज्जनगडकर
९ एप्रिल, सकाळी ८:००

ताईंचा प्रतिसाद वाचून अंगावर काटा आला.

जुना_कार्यकर्ता
९ एप्रिल, सकाळी ११:३०

वय झालं, टायपिंग नातू करतोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. तुमच्या गावावरनं येरळा पुढं आमच्या खानापूर तालुक्यात येते. बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी मुक्ती संघर्ष चळवळीत, भारत पाटणकरांबरोबर, ऐंशीच्या दशकात ह्याच नदीवर बळीराजा धरण बांधायला घेतलं. सरकारी पैसा नव्हता, नदीतली वाळू विकून पैसा उभा केला. पण धरणापेक्षा मोठं भांडण झालं ते वाटपाचं, ज्याला जमीन नाही त्याला पाणी का? ठरलं असं की त्यालाही हिस्सा.

त्याच्याही आधी १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखेंनी पुरंदरात नायगावला पाणी पंचायत उभी केली, १९७४ च्या सुमाराला. तिथंही पाणी जमिनीवर नाही, माणसावर. माणशी अर्ध्या एकराचं पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, ऊस नाही, आणि भूमिहीनालाही वाटा. नागनाथअण्णा नायकवडींच्या आटपाडीच्या पाणी परिषदांतही समन्यायी वाटप हाच शब्द होता, आम्ही दरवर्षी जायचो.

हे शेतीचं झालं. पण पिण्याच्या पाण्यात आम्ही हे कधी लावलं नाही बघा. नळ आला की नळ घराचा झाला, घर नमुना ८ चं झालं, माणूस राहिला बाजूला. ती नऊ घरं तेच सांगतायत. सर, ग्रामसभेत पाणी घरटी मांडू नका, माणशी मांडा. घरटी मांडलं की वरची आळी तुम्हाला ऐकून घेईल आणि चहा पिऊन घरी जाईल.

कोयनाकाठ
९ एप्रिल, दुपारी १२:१०

आण्णा __/\__

निवृत्त_शाखाअभियंता
९ एप्रिल, संध्याकाळी ६:०५

आता करायचं काय ते बोलू, कारण असे धागे दोन दिवसांत थंड पडतात.

पैसे न लागणारं आधी. वरच्या आळीच्या फांदीवरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असणार, तो थोडा थोडा आवळत जा, दर दोन आट्यांनी बादली लावून वेळ लिहा. आणि वस्तीला पहिली वीस मिनिटं एकट्याला पाणी सोडा, बाकी सगळं बंद ठेवून. पाइपातली हवा निघायला तेवढा वेळ लागतो. वस्तीच्या टोकाला उंचवटा असेल तर तिथं एअर व्हॉल्व्ह बसवा, दीड-दोन हजारांत होतं.

पैसे लागणारं नंतर. त्या ७०० मीटरला मोठा पाइप. आयआयटी मुंबईनं जलतंत्र नावाचं फुकट सॉफ्टवेअर केलंय ऑनलाइन, उंची, अंतर, मागणी आणि पाइपचे दर भरले की कमीत कमी खर्चात कुठं कोणता व्यास लागेल ते काढून देतं. तुमची बारावीची पोरं दोन दिवसांत शिकतील. २०१६ पासून उन्नत महाराष्ट्र अभियानात इंजिनिअरिंग कॉलेजांनी आपल्या जिल्ह्यातले असे प्रश्न घ्यायचे अशी सोय आहे. जवळच्या कॉलेजला विचारा. फक्त ताई म्हणतात तसं होऊ देऊ नका, रिपोर्टची एक प्रत वस्तीवर वाचून दाखवायचीच.

नवी योजना नको हे मात्र ठासून सांगा. नव्या टाकीचं पाणी पण त्याच ६३ एमएममधून जाणार आहे.

येरळाकाठ
२१ एप्रिल, रात्री ९:१५

अपडेट देतोय, लांबलं त्याबद्दल सॉरी.

वस्तीवर गेलो. समाजमंदिरात चाळीसेक माणसं, निम्म्याहून जास्त बायका. आकडे भिंतीवर कागद लावून सांगितले. बारापटीचं सांगितल्यावर कुणी काहीच बोललं नाही, मग मागून एक म्हातारी म्हणाली, मास्तर हे आम्हाला म्हाईतच हुतं, आकडा तेवढा म्हाईत नव्हता.

पाणीवाल्याला विश्वासात घेतलं. तो म्हणाला मला कुणी सांगितलंच नाही कधी, मी पण वस्तीवरचाच आहे की. त्यानं गंजलेल्या तीन व्हॉल्व्हपैकी दोन रॉकेल घालून, ठोकून मोकळे केले. १२ तारखेपासून आठ दिवस साहेबांच्या पद्धतीनं पाणी सोडलं. पहिली वीस मिनिटं फक्त वस्ती, मग चाळीस मिनिटं सगळे, वरच्या आळीचा व्हॉल्व्ह आवळलेला.

वस्तीत वारा बारा मिनिटांवरून चार मिनिटांवर आला. पहिल्या वीस मिनिटांत बादली अडीच मिनिटांत भरते, सगळे सुरू झाले की पुन्हा जुन्या वेगावर येते. पाऊण तासाला ८२ लिटर मिळायचे तिथं घराला दोनशेच्या आसपास, म्हणजे कनेक्शन असलेल्या घरात माणशी ४०. नऊ घरं धरली तर २८. अजून ५५ नाहीच, पण एक रुपया खर्च न करता. वरच्या आळीत बादली ४० सेकंदांवरून ५५ वर गेली, त्यांना अजूनही निकषाच्या दुपटीहून जास्त मिळतंय.

टीडीएस मोजला, ३८०. जारची गरज नाही. नायट्रेटचा नमुना लॅबला दिलाय. तपासणी किट कपाटातच होतं @जतपूर्व, पॅक. पंपाला गेज लावायचा राहिलाय.

जतपूर्व
२१ एप्रिल, रात्री ९:३०

किटची एक्स्पायरी बघा आधी!

येरळाकाठ
२१ एप्रिल, रात्री ९:४१

संपलीय :(

माणदेशी_गडी
२१ एप्रिल, रात्री १०:००

वरच्या आळीनं काय म्हणलं ते सांगा की सर. तेच ऐकायला बसलोय.

येरळाकाठ
२१ एप्रिल, रात्री १०:२५

पहिले तीन दिवस कुणाला कळलंच नाही, हे महत्त्वाचं आहे, लिहून ठेवा. चौथ्या दिवशी कुणीतरी सांगितलं की तुमचं पाणी आवळलंय, तिथून पाणी कमी झालं! एकजण घरी आला, माझा वर्गमित्रच, म्हणाला तू मास्तर आहेस, मास्तरकी कर. वरच्या आळीतल्याच एका काकूंनी मात्र त्याला तोंडावर सांगितलं की आमचा हौद रोज वाहून गटारात जातो, द्या की त्यांना.

१ मेच्या ग्रामसभेत विषय घ्यायला अर्ज दिलाय. मागण्या तीनच. पाणी सोडायची वेळ आणि क्रम फळ्यावर लिहायचा. नऊ घरांना तात्पुरतं का होईना कनेक्शन. आणि व्हॉल्व्हची चावी पाणीवाल्याकडं आणि पाणीपुरवठा समितीतल्या एका बाईकडं, दोनच ठिकाणी. समितीत निम्म्या बायका असायला लागतात, आमच्याकडं आहेत, कागदावर. त्यातल्या दोघींना आपण समितीत आहोत हे मी सांगितल्यावर कळलं.

जुना_कार्यकर्ता
२२ एप्रिल, सकाळी १०:१५

चावीचीच मागणी धरून ठेवा. बाकीच्या दोन लगेच मान्य करतील.

येरळाकाठ
२ मे, रात्री ८:००

आण्णा, तसंच झालं. फळा मान्य, टाळ्या. नऊ घरांचं गटविकास अधिकाऱ्यांना पत्र लिहायचं ठरलं. चावीचा विषय पुढच्या सभेवर. तोवर चावी पंचायतीच्या कपाटात, किटच्या शेजारी.

हंडाकळशी
६ मे, सकाळी ७:५०

आज सकाळचं. वारा अकरा मिनिटं. बादली पाच मिनिटं दहा सेकंद. मुलीनं मोबाइलवर लावलं होतं, स्क्रीनशॉट आहे. काल वारा पाच मिनिटं होता, बादली तीन मिनिटं. रोज वहीत लिहितोय आम्ही १ तारखेपासून, २२ नळांचं, बायकांनी वाटून घेतलंय.

येरळाकाठ
६ मे, सकाळी ८:०२

वही घेऊन पंचायतीसमोर या ताई, अकरा वाजता. मी पहिला तास बदलून घेतो.

हंडाकळशी
६ मे, सकाळी ८:०९

अकराला जमणार नाही, रोजगाराला आहे. सासूबाई येतील, वही त्यांच्याकडं देते. त्यांना वाचता येत नाही पण कुठल्या पानावर काय आहे ते पाठ आहे.